गावी जाणार ना?

मुंबईबाहेरच्या मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षी नाव विचारून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "रँक किती?" प्रवेश परीक्षेतला तो क्रमांक कळला की समोरचा मनातल्या मनात ताडायचा, ही खुल्या जागेवरची की राखीव. मी बौद्ध, राखीव जागेवरची. हे कुणाला कळू द्यायचं नाही, असं मी विक्रोळीच्या घरातून निघतानाच ठरवलं होतं. एकदा कळलं की साधी नस ओळखताना चुकले तरी "कोट्यातली ना" म्हणायला सगळे मोकळे. आमचं आडनाव कोकणातल्या गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. त्यावरून काही कळत नाही, तेवढाच आधार.

डिसेक्शनच्या टेबलावर माझी जोडीदार मुलुंडची होती. तिचंही आडनाव 'कर'वालं, मूळची कोकणातलीच, म्हणून मी जास्तच जपून. ती भारी चौकस. रँक विचारला, मी म्हटलं, "लागला नंबर कसातरी." मग गाव विचारलं. मग म्हणाली, "गणपतीला गावी जाणार ना?" आमच्या घरी गणपती बसत नाही. "नाही गं, टेस्ट आहे ना," मी म्हणाले. तिने मान हलवली, पण माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. ही बया एक दिवस खोदून काढणार, हे मी धरूनच चालले.

पुढे कॉलेजच्या माहितीपुस्तिकेसाठी फोटो काढायचे ठरले. मॅडम डिसेक्शन हॉलमध्ये येऊन म्हणाल्या, "आपल्याकडे सगळ्या प्रकारची मुलं आहेत, ते दिसायला हवं." त्यांनी हिजाबवाली उचलली, मणिपूरची उचलली, नंदुरबारचा आदिवासी मुलगा उचलला, आणि बोट माझ्यावर येऊन थांबलं. मॅडमना ऑफिसातून कळलं असणार. की माझ्या जोडीदारणीनेच जाऊन सांगितलं? बाहेर पडताना मी विचारलंच, "मॅडम, मी कशाला?"

"अगं, तू विक्रोळीची ना? मुंबईचं कुणीतरी नको का फोटोत?"

मुलुंडही मुंबईतच येतं. मग ती का नाही? मला काही ते पटलं नाही. फोटोत मी हसलेली दिसते, पण तेव्हा माझं सगळं लक्ष हॉलच्या दाराकडे होतं.

परत आले तर जोडीदार हळूच म्हणाली, "बरं झालं, मला नाही बोलावलं."

मला रँक विचारणाऱ्या या मुलीने स्वतःचा कधीच सांगितला नव्हता. आणि मीही विचारला नव्हता, विचारला की उलटून येतो म्हणून. आता मात्र मला राहवेना. होळी तोंडावर आली होती. मी मुद्दाम म्हटलं, "काय गं, शिमग्याला गावी जाणार ना?"

तिने हातातला चिमटा खाली ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाही गं, टेस्ट आहे ना."

टेस्ट आदल्याच आठवड्यात संपली होती. आम्ही दोघींनी ती शेजारी बसून दिली होती.