जुबेदाखालाचा काटा

शुद्धलेखनाच्या चुका आणि माझं गिचमिड अक्षर, दोन्हींची आधीच माफी मागते. शाळा चौथीतच सुटली. ही वही मी कुणाला दाखवणार नाही, तरी जुबेदाखालाबद्दल लिहून ठेवावंसं वाटतं.

खामगावात तिची भट्टी होती. बायका घरून मैदा, साखर, तूप घेऊन यायच्या, तिथेच मळायच्या आणि नानकटाई भाजून न्यायच्या. कुणी पिशवीतून वाटी काढली की खाला ती पालथी घालून वजनकाट्याकडे बोट दाखवायची. "वाटी घरी ठेव माय, वरण खायाले. इथं काटा बोलते." मला तो तुसडेपणा वाटायचा. मी तिच्याशी कधी बोललेच नव्हते.

मग मला पहिली ऑर्डर मिळाली. साखरपुड्याची, आठ किलो, दुपारी चारच्या आत. आगाऊ पैशांचं सामान आणून झालं होतं. माल बिघडला तर परत द्यायला हातात काही नव्हतं. घरचं माप पाठ होतं: दोन वाट्या मैदा, एक वाटी पिठीसाखर, पाऊण वाटी तूप. दुकानात सगळं किलोनं मिळतं, म्हणून मी एका वाटीला दोन किलो धरले. चार किलो मैदा, दोन किलो साखर, दीड किलो तूप.

भट्टीवर मळायला बसले, तर गोळा वळेचना. मूठ सोडली की भुगा. मागची बाई ओरडली, "मळून राह्यली का खेळून राह्यली वं? भट्टी थंडी होऊन राह्यली ना!"

घाबरून मी दुधाचा गडवा उचलला. खालानं मनगटच धरलं.

"दूध नको टाकू. दगड होईन त्याचा. तूप किती घेतलं?"

"दीड किलो."

"कोन्या हिशोबानं?"

मी पुटपुटत सांगितलं. तिनं माझी वाटी मागितली. आता फेकणार, असं वाटलं. तिनं ती रिकामी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला. मैदा भरला, एकशेवीस ग्रॅम. पिठीसाखर, तेवढीच. मग तूप, एकशेऐंशी.

"पाह्य. वाटी तेच, पन तूप दीडपट भारी. तुले दीड किलोच्या जागी सव्वादोन पायजे होतं. पाऊण किलो कमी हाय."

"आणाले पैसे नाहीत, खाला."

ती आत गेली, स्वतःचा डबा आणला आणि पाऊण किलो मोजलं. चमचाभर जास्त पडलं, ते काढून घेतलं. "उधार हाय. मेहरबानी नाही."

"आन् आमचा नंबर?" मागची बाई.

"तुह्या मैद्याले पाय फुटले का? थांब जरा!"

गोळा वळला. पहिला ट्रे आत गेला तेव्हा दोन वाजत आले होते. मला बसवेना. ट्रे बाहेर आला. खालानं एक नानकटाई मोडली, चावली, पुन्हा चावली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"ने," ती म्हणाली.

साखरपुड्याचे उरलेले पैसे मला थोडे थोडे मिळाले, म्हणून तुपाचे पैसेही मी तीन हप्त्यांत दिले. तिनं एक रुपया सोडला नाही. सोडला असता, तर मला पुन्हा त्या दारात जायची लाज वाटली असती. शेवटचे तीस रुपये तिनं दोनदा मोजले आणि कमरेच्या पिशवीत टाकले.

"फिटलं. आता सरक, भट्टी अडवू नको."