सहा वेळा ‘नाही’

मावशींना आयुष्यात कधी कुणी हातात चहा आणून दिला नाही, असं म्हटलं तर त्यांचे यजमान चिडतील. लेक झाली तेव्हा एकदा त्यांनी दिला होता, आणि ते अजून सांगत असतात. ते एक सोडा. बत्तीस वर्षं मावशींनी सरकारी दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात काढली. चादरी बदलायच्या, भांडी धुवायची, फरशी पुसायची, आणि कुणी ओरडलं की ‘आले आले’ म्हणत पळायचं. डॉक्टर मावशी म्हणायचे, पेशंट मावशी म्हणायचे, पुढे पुढे तर घरात यजमानसुद्धा मावशी म्हणायला लागले. खरं नाव उरलं होतं ते पेन्शनच्या कागदावर.

अशा बाईला लेक-जावयानं निवृत्तीची भेट म्हणून अठरा दिवसांच्या जहाजाच्या सफरीवर धाडलं. यजमानही बरोबर होतेच. त्यांनी जन्मभर बस चालवलेली, त्यामुळे जहाजात पाऊल ठेवल्या ठेवल्या त्यांनी ते तपासायला घेतलं. “वळण छान घेतलं हो गड्यानं,” असं कठड्यावर रेलून म्हणायचे. सकाळी पोटभर खायचं, मग आकड्यांचा खेळ, मग परत खायचं, मग खुर्चीत आडवं होऊन घोरायचं. चौथ्या दिवशी त्यांनी पट्ट्याचं एक भोक वाढवलं आणि ते कौतुकानं बायकोला दाखवलं.

मावशींचं मात्र काही खरं नव्हतं. चार चार दिवस किनारा दिसायचा नाही. पाणी, पाणी आणि परत पाणी. वरच्या मजल्यावर पांढऱ्या खुर्च्यांची रांग आणि त्यात माणसं पालथी पडलेली. मावशी बसल्या की पाच मिनिटांत उठायच्या. कुणी पेला खाली ठेवला की त्यांचा हात तिकडे जायचा. वाढणारा माणूस “बसा, मी आणतो,” म्हणाला की त्या कानापर्यंत लाल व्हायच्या. आपण लोळायचं आणि दुसऱ्यानं आपलं खरकटं उचलायचं! छे, हे त्यांच्या पचनी पडेना. कुणाचं तरी काहीतरी लुबाडतोय असं वाटत राहायचं.

म्हणून त्यांनी आपल्यापुरता उपाय काढला. सकाळी यजमानांना पलंगावरून हाकलायचं, चादर ताणायची, चारही कोपरे दवाखान्यात दुमडतात तसे घट्ट दुमडायचे, उशा झटकायच्या. टॉवेल स्वतः धुवून वाळत घालायचे. न्हाणीघर कोरडं पुसायचं, आरसा लख्ख करायचा. खोली आवरायला येणारी बाई नऊ वाजता दार वाजवायची तेव्हा आत करण्यासारखं काही उरलेलंच नसायचं.

ही बाई चाळिशीची होती. करड्या रंगाचा गणवेश, ढकलायची गाडी, आणि वाकताना गुडघ्यावर हात टेकायची सवय. पहिल्या दिवशी ती दारातच थबकली.

“हे कुणी केलं?”

“मीच. रिकामीच तर बसलेय.”

“असं करू नका हो. आम्हाला चालत नाही.”

“तुझ्याकडे खोल्या किती?”

“अठरा. एकच्या आत.”

“मग आता सतरा. बस इथं दहा मिनिटं.”

“आमच्या मावशीपुढं कुणाचं चालत नाही,” यजमान म्हणाले. “बस बाई, बस.”

ती आधी काठावर टेकली. दुसऱ्या दिवशी नीट बसली. तिसऱ्या दिवशी तिनं बूट काढून पाय मोकळे केले. मावशी न्याहारीच्या वेळी पर्समध्ये लपवून आणलेलं केळं तिला द्यायच्या. तीही मग ‘मावशी’ म्हणायला लागली. तिची लेक दहावीला होती, आजीजवळ राहायची. आठ महिने झाले होते तिला पाहून. अजून दोन महिने काढले की घरी जायचं, आणि परीक्षेच्या आधी पोचायचं. एवढ्या एका गोष्टीवर ती बाई दिवस ढकलत होती. ती दहा मिनिटं मावशींना अख्ख्या सफरीत गोड लागायची. छातीवरचा दगड तेवढा वेळ उतरायचा.

सहाव्या दिवशी उशीवर एक छापील कार्ड सापडलं. आमच्या सेवेबद्दल कळवा. पलंग रोज आवरला जातो का? टॉवेल बदलले जातात का? न्हाणीघर स्वच्छ केलं जातं का? असे सहा प्रश्न, आणि पुढे हो किंवा नाही.

आता वॉर्डातल्या माणसाला कागद म्हणजे कागद. जे झालं त्याचीच खूण, न झालेल्याची खूण केली तर पेशंटच्या जिवाशी गाठ. मावशींनी बत्तीस वर्षांत एक खोटी खूण केली नव्हती. इथं तर आवरणं, पुसणं, धुणं सगळं त्यांनीच केलेलं. तेव्हा त्यांनी चष्मा लावला आणि सहाच्या सहा ठिकाणी ‘नाही’ केलं. हे वाचून वरचे लोक म्हणतील, या खोलीत काम नाही, हिला एक खोली कमी करा. अशी त्यांची समजूत! खाली जागा होती तिथं त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं, ‘बाई फार गुणाची आहे. तिला बक्षीस द्यावे.’ आणि कार्ड डब्यात टाकून त्या खुशीत जेवायला गेल्या.

सातव्या दिवशी बाई आलीच नाही. आठव्या दिवशी सकाळी आली ती डोळे सुजवून. मावशींनी केळं पुढे केलं, तिनं घेतलं नाही. बसलीही नाही.

“मावशी, काय लिहिलंत तुम्ही?”

“का गं? चांगलंच लिहिलं की!”

“सहा वेळा नाही. आमच्या साहेबांनी मला उभं करून वाचून दाखवलं.”

“अगं पण मी खाली लिहिलंय ना—”

“खालचं कोण वाचतं? ते म्हणाले, बिचारी म्हातारी आहे, दयाळू आहे, तरी गुणाची म्हणते.”

“थांब. मी आत्ता जाते आणि सांगते, सगळं मीच करत होते म्हणून.”

बाईनं झटकन त्यांचा हात धरला. “तसलं काही करू नका! मी आळस केला असं कबूल केलंय. आळसाला एक ताकीद, फाइलला लागते आणि संपतं. पण पाहुण्याला काम करू दिलं, पाहुण्याच्या खोलीत बूट काढून बसले, हे कळलं तर पुढच्या बंदरावर उतरवतात. परत जहाजावर घेत नाहीत. माझ्या लेकीचं शिक्षण, मावशी...” ती डोळे पुसून म्हणाली, “दुपारी साहेब तुम्हाला विचारायला येणार आहेत. आधी करत नव्हती, आता सुधारली, एवढंच म्हणा. आणि कृपा करून खोली विस्कटून ठेवा, मी त्यांच्यासमोरच आवरीन.”

ती गेली. मावशी कपाळाला हात लावून बसल्या. चांगलं करायला जावं आणि होऊन बसावं भलतंच! चूक त्या बाईची नव्हती, साहेबाचीही नव्हती. चूक त्यांची, त्यांच्या हातांची होती. आणि खरं सांगता सोयच नाही, कारण ह्या वेळी खरं सांगणंच तिच्या गळ्याशी येणार होतं. वॉर्डात औषधाची पेटी फुटली तेव्हा सिस्टरनं खोदखोदून विचारलं होतं, तरी मावशींनी सोबतिणीचं नाव घेतलं नव्हतं. बरोबरच्या बाईविषयी वरच्याकडे वाईट बोलायचं नाही, हा एक नेम त्यांनी सांभाळला होता. बाकी आयुष्यात मिरवावं असं दुसरं होतं काय?

“विस्कटायचं ना? ते माझ्याकडे लागलं,” यजमान म्हणाले आणि पलंगावर दोन कोलांट्या मारून त्यांनी चादरीचा बोळा केला. एरवी मावशी हसल्या असत्या.

दुपारी साहेब आले. पांढरा शर्ट, हातात कागद अडकवलेली पाटी, बोलणं अगदी साखर. बाई त्यांच्या मागे मान खाली घालून उभी.

“मॅडम, आपली गैरसोय झाली. पलंग आवरला जात नव्हता ना?”

“नव्हता.”

“टॉवेल?”

“नाही बदलले.”

“कारण काय सांगायची ही?”

यजमानांना राहवेना. “अहो साहेब, खरं म्हणजे आमच्या मावशीच—”

“तुम्ही गप्प बसा!” मावशी कडाडल्या. साहेबांच्या भुवया वर गेल्या. ते मावशींकडे पाहत राहिले, मग यजमानांकडे. त्यांना वास लागला होता. आता नुसतं ‘सुधारली’ म्हणून भागणार नव्हतं.

“यांना सगळ्यांची दया येते,” मावशी म्हणाल्या. “कारण कसलं आलंय? कामचुकार आहे ती! दारातून डोकावायची आणि निघून जायची. मी चांगली झापली तेव्हा कुठे ताळ्यावर आली. आता करते नीट.”

बोलताना त्यांना आपलाच आवाज ओळखू येईना. असं बोलणाऱ्या बायकांपुढे त्यांनी बत्तीस वर्षं मान खाली घातली होती, आणि ते शब्द इतके सहज जिभेवर आले की त्यांची त्यांनाच भीती वाटली.

साहेबांचा चेहरा सैल झाला. “असं स्पष्ट सांगणारे पाहुणे हवेत. ही राहील, मॅडम. एक ताकीद देऊन सोडतो.” मग मागे वळून म्हणाले, “माफी माग, आणि खोली आत्ताच आवर. माझ्यासमोर.”

“माफ करा, मॅडम,” बाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत मावशींना काहीच वाचता आलं नाही. तिनंच सांगितलेलं होतं, पण ‘कामचुकार’ हा शब्द तिनं सांगितलेला नव्हता.

तिनं चादर काढली, नवी घातली. साहेबांनी पेनानं एक कोपरा दाखवला, तो सैल होता. तिनं तो उलगडून पुन्हा दुमडला. गुडघ्यावर हात टेकून ती वाकली तेव्हा मावशी खुर्चीतून अर्ध्या उठल्या, आणि मग आपले हात मांडीखाली दाबून परत बसल्या. ही बाई इथं टिकून लेकीच्या परीक्षेआधी घरी पोचायची असेल, तर आपण जागचं हलायचं नाही. उरलेले सगळे दिवस.

बाई फरशी पुसत पुसत खुर्चीपाशी आली. वर न पाहता म्हणाली, “पाय वर घ्या, मॅडम.”

मावशींनी पाय वर घेतले.