गप्प बसलेल्या बापाचं भ्या

आमचे हे, म्हणजे कृष्णात, लोकांना गाडी शिकवतात. कसबा बावड्यात त्यांचं मोटार ट्रेनिंग स्कूल आहे. त्यांच्या गाडीत तुम्ही कधी शिकायला बसलात, तर असा थंड डोक्याचा माणूस सगळ्या जिल्ह्यात नाही असं शपथेवर सांगाल. शिकणारी बाई एसटीच्या आडवी गाडी घालते, हे आपल्या बाजूचा ब्रेक दाबतात आणि म्हणतात, "काय न्हाय मॅडम, परत पहिला गिअर टाका." हाच माणूस घरी आला आणि पोरीच्या हातून पाण्याचा तांब्या लवंडला, की दोन गल्ल्यांना ऐकू जायचं. मी पण काही कमी नाही. इथं लिहायचं म्हणून जरा शुद्ध लिहिते आहे, एरवी माझं तोंड कसं आहे ते बावड्याला विचारा.

पण त्या ओरडण्याचं आम्हाला कुणालाच काही वाटायचं नाही. आमच्याकडं माणूस जेवायला बोलावतो तेसुद्धा भांडल्यागत. निशिगंधा, आमची अकरा वर्षांची एकुलती एक पोर, बाप ओरडायला लागला की कानात बोटं घालून खुदूखुदू हसायची. ती भ्यायची ती दुसऱ्याच गोष्टीला, आणि ते आम्हा दोघांना समजलं नाही.

मागच्या गणपतीत तिच्या हातून ह्यांचा मोबाईल बादलीत पडला. नवा कोरा मोबाईल. हे ओरडले नाहीत. एकदम गप्प झाले. तोंड लाल, नाकपुड्या फुगलेल्या, एक अक्षर नाही. मला वाटलं, बरं झालं, निभावलं. आणि मग हात उठला. पोरगी दारावर जाऊन आपटली, ओठ फुटला, फ्रॉकवर रक्त. मी किंचाळले. हे आपल्याच हाताकडं बघत उभे राहिले. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "संयोगिता, माझा बा असाच मारायचा. मला माझंच भ्या वाटाय लागलंय बघ." लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण ह्यांच्या तोंडून भ्या हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

त्याच महिन्यात बाहुबली सर गाडी शिकायला आले. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून रिटायर झालेले, वय त्रेसष्ट, क्लच सोडताना णमोकार मंत्र पुटपुटणारे. ह्यांनी गाडीतच त्यांच्याजवळ मन मोकळं केलं. सर म्हणाले, दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीस आणि रोममध्ये काही विचारी माणसं होती, त्यांना स्टोइक म्हणतात. त्यांचं सांगणं असं, की काही गोष्टी आपल्या हातात असतात आणि काही नसतात. "पोरगी काय करील ते तुमच्या हातात नाही. तुम्ही त्यावर काय कराल ते आहे. आता बघा, तुमच्या पायाखाली ब्रेक आहे, पण स्टेअरिंग माझ्याकडं आहे. तसंच ते." रागाचा पहिला भडका कुणालाच चुकत नाही, असं ते म्हणाले. पण त्या भडक्याला 'बरोबर आहे तुझं' म्हणायचं की नाही, हे आपण ठरवायचं, आणि ते ठरवायला वेळ लागतो, म्हणून थांबायचं. सकाळी उठल्यावर आज काय काय बिघडू शकेल ते मनात आणून ठेवायचं. संध्याकाळी आपण कुठं चुकलो ते स्वतःला विचारायचं.

मी म्हटलं, "आता ही रोमची पावणं आमच्यात नांदाय आली व्हय?" पण ह्यांनी मनावर घेतलं. सकाळी चहा पिता पिता पुटपुटायचे, "आज पोरगी दूध सांडंल. आज ती उलटं बोलंल. आज डबा परत आणंल." आणि खरोखरच दूध सांडलं की ओठ घट्ट मिटायचे, डोळे मिटायचे आणि मनात वीस आकडे मोजायचे. घरात ओरडणं बंद झालं. शेजारच्या बायडाबाई, ज्यांच्या गोठ्यातनं आम्ही दूध घेतो, त्या मला विचारायच्या, "का गं, मालकास्नी बरं न्हाय व्हय? आवाज येईना झालाय."

मी खूश होते. निशू पण सुधारली असं मला वाटत होतं. उलटं बोलायची नाही, हट्ट करायची नाही, बाप घरात आला की पुस्तक उघडून कोपऱ्यात बसायची. हातातनं काही पडलं की भिंतीला पाठ लावून उभी राहायची. पोरगी शहाणी झाली म्हणून मी गल्लीत मिरवून आले. जळ्ळं माझं शहाणपण! अहो, शहाणी कसली, ती वाळत चालली होती.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी मी तिच्या डोक्याला तेल लावत होते. घरात बसून पायात शाळेचे लांब मोजे. काढ म्हटलं तर काढेना. मग मी वाकून एक ओढलाच. पोटरीवर हळद थापलेली, आणि हळदीखाली दातांची चार भोकं. सगळी पोटरी सुजून टणक झालेली.

"काय हे? निशे, काय हे?"

"कुत्रं चावलं. गुरुवारी." ती इतक्या हळू बोलली की मला वाकून ऐकावं लागलं. "ट्यूशनला उसातल्या वाटंनं गेलतो. पप्पास्नी सांगू नगंस मम्मी, तुझ्या पाया पडतो."

उसातल्या त्या वाटेनं जायचं नाही, हे ह्यांनी दहा वेळा बजावलं होतं. त्याच आठवड्यात त्या भागात एका पिसाळलेल्या कुत्र्यानं दोन शेळ्या फाडल्या होत्या. कुत्रं कसं होतं विचारलं, तर म्हणाली, तपकिरी होतं, तोंडातनं लाळ गळत होती. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तीन दिवस ते विष पोरीच्या अंगात असेल का?

"अहो! आधी हिकडं या!" मी ओरडले.

हे आले. पाय बघितला, उसातली वाट हे शब्द ऐकले, आणि गप्प झाले. ओठ मिटले, डोळे मिटले. ते मोजत होते, मला माहीत होतं. पण पोरीला कुठं माहीत? ती टक लावून बापाच्या तोंडाकडं बघत होती. त्यांचे वीस व्हायच्या आत माझ्या हातातनं तिचे तेलकट केस निसटले आणि ती अनवाणीच दाराबाहेर पळाली.

आम्ही गल्ली पालथी घातली. शाळेचं मैदान बघितलं, पाण्याच्या टाकीमागं बघितलं. ती कुठंच नव्हती. मग राहिला ऊस. पुरुषभर उंच ऊस, आणि आत ते कुत्रं अजून फिरत असलं तर? मी बांधावरनं तिला हाका मारत सुटले. हे माझ्यापुढं पळत होते, पानांनी तोंड कापलं तरी थांबत नव्हते. एक तास गेला. दवाखान्यात जायचं एकेक मिनिट वाया जात होतं आणि पोरगी आमच्यापासनंच लपून बसली होती. मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती.

"संयोगिता! तुझी पोर हितं हाय गं!" बायडाबाईंची आरोळी आली.

त्यांच्या गोठ्यात, वैरणीच्या ढिगामागं बसली होती. हे आधी पोचले आणि दारातच थबकले. या वेळी मोजत नव्हते. आवाजच फुटत नव्हता. निशूनं त्यांना तसं उभं बघितलं आणि दोन्ही कोपरं डोक्यावर घेतली, गुडघ्यात तोंड खुपसलं.

"वरडा की पप्पा!" ती आतनं रडत ओरडली. "काय बी वरडा, पर गप बसू नगासा! गप बसलं की मारतासा तुम्ही!"

तेव्हा मला उमगलं. गणपतीपासनं जेव्हा जेव्हा हे मन आवरायला गप्प बसले, तेव्हा तेव्हा ही पोर मार यायची वाट बघत उभी होती. पुढं सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "मी थांबा म्हणालो होतो हो. गप्प बसा कुठं म्हणालो? थांबून मग बोलायचं असतं." पण आमच्या लोकांना काय, एक तर बोंबलायचं नाहीतर तोंड शिवायचं. मधलं काही आम्हाला ठाऊकच नव्हतं.

"मोजत हुतो गं मी," हे म्हणाले. "मारू नये म्हणून मोजत हुतो."

"मला काय म्हाईत?" कोपरं तशीच डोक्यावर.

हे तिथंच शेणात खाली बसले आणि छाती फुटेल असे ओरडले, "भ्यालोय मी, निशे! तुझ्यावर रागावलेलो न्हाय, भ्यालोय! तुला काय झालं तर मी काय करू?" म्हैस दचकून उठून उभी राहिली. निशूनं हळूच एक कोपर खाली घेतलं, मग दुसरं.

शिकवायच्या गाडीतनंच दवाखाना गाठला. नर्सनं नळाखाली साबणानं बराच वेळ जखम धुतली. डॉक्टरांनी जखमेभोवती सुया टोचल्या तेव्हा पोरीनं माझं मनगट पिरगाळलं, पण रडली नाही. डॉक्टर तरुण होते आणि रागावले होते. "तीन दिवस? अहो, अशा वेळी एकेक तास महत्त्वाचा असतो. मुलीनं घरात सांगितलं का नाही?"

निशू माझ्याकडं बघायला लागली. मी काहीतरी सारवासारव करणार होते.

"माझ्या भ्यानं," हे म्हणाले, आणि ह्यांचा आवाज तो, बाहेरच्या बाकावरची माणसं मान वळवून बघायला लागली. "बापाच्या भ्यानं सांगितलं न्हाय तिनं, डॉक्टर."

डॉक्टर जरा नरमले. पुढच्या इंजेक्शनांच्या तारखा लिहून दिल्या, एकही चुकवायची नाही म्हणाले. आता बरं होईल ना, असं मी विचारलं, तर म्हणाले, उशीर झालाय, पण सगळं दिलंय, आता लक्ष ठेवायचं. मग निशूकडं वाकून म्हणाले, "ताप आला, पाय बधिर वाटला, पाणी प्यायला भीती वाटली, तर लगेच घरात सांगायचं. कुणाला सांगशील?"

निशूनं बापाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. ह्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले होते.

"मम्मीला सांगतो," ती म्हणाली.

"बरं," हे म्हणाले. लगेच म्हणाले, एक सेकंदसुद्धा थांबले नाहीत.