पैसे ठेवले आणि ॲप बसलं

पहिली खटकलेली गोष्ट एवढीशीच. मी ग्रुपवर ॲपमधली एक चूक टाकली आणि अण्णांनी लिहिलं, "जेवतोय. नंतर बघतो."

मी दचकलेच! अण्णा मच्छे गावच्या कारखान्यात लेथवर असतात. उजव्या हातात भाकरी आणि डाव्या हातानं ॲपची दुरुस्ती, हे त्यांचं तीन वर्षांचं जेवण! त्यानंतर असे किस्से इतके साचलेत, की आता कुणाला तरी सांगायलाच हवेत.

आमचं ॲप ओपन सोर्स, म्हणजे फुकट आणि कोड सगळ्यांना खुला. कानडी कागदाचा फोटो काढा, देवनागरीत वाचा. कानडी बोलायला येतं पण वाचायला अडतं, अशी माणसं आमच्या सीमाभागात घरोघरी. ॲप करणारे तिघंच: अण्णा, निपाणीचा प्रकाश, आणि चुका शोधून घाबरणारी मी.

त्या 'जेवतोय'च्या थोडंच आधी प्रकाशनं टूम काढली होती. "ज्याला जे फीचर पायजे, त्यानं त्यावर पैसे ठेवायचे. अण्णाला हुरूप यील!"

*

पहिले पाचशे आले, बटण भगवं करायला. दुसऱ्या दिवशी आणखी पाचशे आले, बटण कानडी झेंड्यासारखं लाल-पिवळं करायला! मला घाम फुटला. अण्णा शांत. "दोघांचं बी घेतलंय. बटण आता तासाला रंग बदलतंय."

शेताच्या उताऱ्यावरचा सहा आमचं ॲप नऊ वाचत होतं. त्यावर कुणी रुपया ठेवला नव्हता. तो नऊच राहिला.

*

खानापूरच्या एक आक्का दर हंगामात अण्णांना काजू पाठवायच्या. यंदा आले नाहीत. मी भीत भीत आक्कांना विचारलं.

"आता पैसे मिळत्यात न्हवं त्यास्नी?"

अण्णांची कमाई तोवर एक हजार. काजू त्याहून महाग होते!

*

प्रकाशला पाच मिनिटांत काढता येईल अशी एक चूक मला सापडली.

"हात लावू नको गं," तो म्हणाला. "दोनशेच आल्यात. पिकू दे जरा!"

*

तीनशे ठेवणाऱ्या एका झेरॉक्सवाल्यानं तर अण्णांना थेट कामावर फोन केला. "ओ, कुठवर आलंय माझं काम? पैसे मोजल्यात मी!"

अण्णा मला म्हणाले, "मच्छेत एकच सायेब हाय मला. हितं तेवीस झाल्यात."

त्याच संध्याकाळी ते ग्रुपमधून बाहेर पडले.

*

आणि सोमवारी ॲप बसलं. कुठलाही कागद दाखवा, पडदा कोरा! प्रकाशनं चार तास डोकं लावून हात टेकले. अण्णा आले नाहीत तर सगळं संपलंच. मी घाबरून माझ्या पगारातले दोन हजार त्या चुकीवर ठेवले आणि अण्णांना कळवलं. निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही. मग फोन लावला. दोन दिवसांत नऊ वेळा. दहाव्यांदा उचलला. मागं नुसता गलका.

"अण्णा! कुठं हायसा?"

"कोगनोळीत गं. हितल्या मंडळानं कबड्डीचे गुण मोजायचं ॲप केलंय. लई घोळ हाय त्यात! रजा टाकून बसलोय."

"किती देतायत?"

अण्णांचा आवाज एकदम खाली आला.

"हळू बोल गं! पैसे देता येतात, हे अजून ठाऊक न्हाय त्यास्नी!"