निम्म्या दुधावरचा देव

सर्व वाचकांना कळविण्यात येते की, पोलीस दप्तरात आजवर कुठेही नोंद नसलेली एक अत्यंत गंभीर बाब मी या लेखाद्वारे जाहीर करीत आहे. मुरबाड तालुक्यातल्या एका गावात प्रत्यक्ष परमेश्वराला निलंबित करण्यात आले होते. निलंबनाचा काळ अकरा दिवस. कारण, कर्तव्यात कसूर. आणि हे सर्व ठाऊक असूनही गप्प बसलेला तपास अधिकारी म्हणजे मी.

स्वेच्छानिवृत्ती घेतल्यामुळे आता कोणी माझे काही वाकडे करू शकत नाही, म्हणून सांगतो. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मी नोकरीची बरीच वर्षे काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले निम्मे आता आठवतही नाहीत. हे प्रकरण मात्र जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहते. नावे घालणार नाही, गावाचेही नाही. टोकावड्याच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून आत वळले की ते लागते, एवढे पुरे.

माघ महिना होता. सकाळची हजेरी नुकतीच उरकली होती. तेवढ्यात त्या गावच्या देवस्थान समितीचे अध्यक्ष धापा टाकत ठाण्यात शिरले.

"देव गेला आमचा! जाग्यावर नाय!"

ठाणे अंमलदार स्टेशन डायरी लिहीत होता. त्याने मान वर न करता बेपत्ता व्यक्तींचा छापील फॉर्म ओढला. "वय?"

"वय कोनाला म्हाईत? पांडवांच्या येळचा म्हनतात."

"अंगावर कपडे काय होते?"

मी मध्ये पडलो, नाहीतर त्याने डोळ्यांचा रंगही विचारला असता. प्रकार असा होता. गावदेवाचा वीतभर उंचीचा जुना पितळी मुखवटा गाभाऱ्यातून नाहीसा झाला होता. गुरवाने तीन दिवस गाभाऱ्याचा पडदा पाडून ठेवला होता, दर्शन बंद म्हणून सांगितले होते. आज अध्यक्षांनीच पडदा सारला, तर आत रिकामा पाट. यात्रा नऊ दिवसांवर. मी फिर्याद घेतली, गुन्हा दाखल केला आणि पंचनाम्याला निघालो.

गुरव साठीपुढचा, काटकुळा, मोजके बोलणारा. त्याच्यावर तेव्हा मोठा प्रसंग गुदरलेला होता. तीन दिवसांपूर्वी सकाळी त्याची नऊ वर्षांची नात देवासाठी फुले काढायला देवळामागे गेली आणि तिथे तिला घोणस चावली. मुलीला ठाणे शहरातल्या मोठ्या इस्पितळात हलवले होते. विष उतरवणारे इंजेक्शन वेळेत मिळाले होते, पण दोन्ही मूत्रपिंडे बंद पडली होती. तिचे आईवडील तिच्याजवळ होते आणि गावात गुरव आणि त्याची बायको, हे दोघे म्हातारे. डॉक्टर म्हणाले होते, लघवी सुरू झाली तर पोर वाचली.

अशा माणसाला दरडावणार कोण? मी अगदी मऊ आवाजात जबाब घेतला.

"बाबा, कुलूप तुटले आहे का?"

"नाय."

"किल्ली कोणाकडे असते?"

"माज्याकडं."

"कोणावर संशय?"

"मानसावर संशय नाय माझा."

मी लिहिले, कोणावरही संशय नाही. पुढे कधीतरी तो कागद पुन्हा वाचला, तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. म्हाताऱ्याच्या साऱ्या जबाबात एक अक्षर खोटे नव्हते. तो जे बोलला त्यातला कामाचा शब्द मी गाळला होता, आणि जो एक प्रश्न विचारायला हवा होता, तो विचारायचे माझ्या मनातसुद्धा आले नाही. गावात चोरी झाली की आम्ही शंभर जणांना विचारतो, तू घेतलास का? पण गुरवाला असे कोण विचारील?

मग आम्ही रिवाजाप्रमाणे धावपळ केली. पितळ म्हटले की भंगारवाले. मुरबाड, किन्हवली, शहापूर, सगळीकडची दुकाने पालथी घातली. दोन भंगारवाल्यांना दिवसभर ठाण्याच्या बाकड्यावर बसवून ठेवले. संध्याकाळी त्यांच्यातला एक म्हणाला, "साहेब, देव आमी घेत नाय. वितळवताना हात कापतात." मी त्यांना चहा पाजून सोडले.

तपास असा थंडावला असताना खबर आली ती दुधाच्या किटलीतून. त्या गावची दूधवाली मावशी आमच्या ठाण्यातही दूध घालायची. चौथ्या दिवशी सकाळी किटली खाली ठेवून ती कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"साहेब, तुमी येवढे शिकलेले. येक सांगा. गुरवबाबा रोज माज्याकडून देवासाठी पावशेर दूध घेतो. देव गेला, तं दूध बंद व्हायला पायजे का नको?"

"पाहिजे."

"बंद नाय केलं. निम्मं केलं."

आमचा हवालदार हसला. "पाहुणा आला असेल गं घरी."

"पावना आला तं दूध वाढतं का कमी व्हतं रे? लगीन झालंय ना तुजं?"

सगळे ठाणे हसले. मी मात्र हसलो नाही, कारण निम्मे हा आकडा माझ्या चांगल्या ओळखीचा होता. दोन वर्षांपूर्वी एका वजनदार माणसाच्या मेहुण्याची गाडी अडवली म्हणून मी चार महिने निलंबित होतो. निलंबित नोकराला निर्वाह भत्ता मिळतो, म्हणजे साधारण अर्धा पगार. ते चार महिने आमच्या घरात चहासुद्धा अर्धा कप होत असे. त्या वेळी माझ्या बायकोने कपाकडे पाहून जे उद्गार काढले, ते इथे छापण्यासारखे नाहीत.

आणखी एक साधी गोष्ट पोलिसाला नोकरीत लवकर कळते. ज्याचे जेवण अजून कोणीतरी वाढते आहे, तो बेपत्ता नसतो. तो घरातच असतो.

दुपारी जीप पाराजवळ सोडून मी एकटाच चालत गुरवाच्या घरी गेलो. म्हातारी अंगणात तांदळाच्या पापड्या वाळत घालत होती. मला पाहून तिने नवऱ्याला हाक दिली, "अवो, आले बगा! मी म्हनत व्हते ना, येतील म्हनून!"

गुरव बाहेर आला. या वेळी मी प्रश्न सरळ विचारला. "बाबा, देव तुम्ही घेतलात?"

"व्हय."

तपासातला सर्वांत मोठा टप्पा एका शब्दात पार पडला. तो मला मागच्या पडवीत घेऊन गेला. तिथे निळे प्लास्टिकचे पिंप होते. झाकणावर दगड, दगडाशेजारी अर्धी वाटी दूध. झाकण काढले. काठोकाठ भरलेल्या गार पाण्याच्या तळाशी गावदेव उताणा पडला होता आणि मोठाल्या डोळ्यांनी आम्हा दोघांकडे पाहत होता.

देव पाण्यात ठेवायची रीत आपल्याकडे घरोघर आहे. दुखणे आले, परीक्षा आली, की देव्हाऱ्यातला बाळकृष्ण तांब्यात जातो. काम झाले की बाहेर येतो. पण तो घरचा देव. अख्ख्या गावाचा देव एका घराच्या दुखण्यासाठी कोणी बुडवत नाही. म्हणून तर आमच्या एकाच्याही डोक्यात हे आले नाही.

"नातीसाठी नवस केलात होय?" मी म्हणालो.

"नवस कसला? सस्पेंड केलाय त्याला."

"काय केलंय?"

"माजा पोरगा सरकारी कचेरीत शिपाई हाय ना, तो मागं तीन महिने सस्पेंड व्हता. म्हनून मला म्हाईत. चौकशी व्हईपर्यंत खुर्चीवर बसायचं नाय, आनि अर्ध्या पगारावर ऱ्हायचं. मी पन त्याला अर्धीच वाटी देतो. उपाशी नाय ठेवला."

मला हसू आवरेना, आणि हसायची तर सोय नव्हती. मी मिशीवर हात ठेवून म्हणालो, "आरोप काय?"

"तुमीच सांगा. तुमच्या ठान्याच्या आवारात, तुमचंच काम करताना येखाद्या पोरीला कोनी मारलं, तं तुमची चौकशी लागंल का नाय?"

"लागेल."

"ती फुलं कोनासाठी काढत व्हती? हा समोर बसलेला. येक तं त्याला दिसलं नाय, नायतं दिसलं आनि हलला नाय. दोन्हीला तुमच्यात काय म्हनतात?"

"कर्तव्यात कसूर," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेले.

"मंग!"

आता देवाच्या बाजूने बोलायला तिथे दुसरे कोणी नव्हते, म्हणून वकीलपत्र मी घेतले. म्हणालो, "बाबा, प्रत्येकाचं प्रारब्ध असतं. मागच्या जन्मीचं काही..."

म्हातारी अंगणातूनच ओरडली, "नऊ वर्साची पोर ती! मागच्या जन्मी काय केलं ते तिला म्हाईत नाय, नि मारायचं मात्र या जन्मी? तुमी तरी गुन्हा न सांगता कोनाला आत टाकता का वो?"

टाकता येत नाही. अटकेचे कारण सांगावे लागते, नाहीतर न्यायालय आमचीच हजेरी घेते. मी वकीलपत्र तिथेच परत केले.

शेवटचा म्हणून मी एक प्रश्न टाकला. "एवढा राग आहे, तर देव मानायचंच सोडून का नाही देत?"

त्या फॉर्म भरणाऱ्या अंमलदाराकडे मी जसे पाहायला हवे होते, तसे गुरवाने माझ्याकडे पाहिले. "नसलेल्या मानसाला सस्पेंड करता येतं का, साहेब?"

"आणि पोर नाही उठली तर?"

त्याने पाण्यातल्या देवाकडे बोट केले. मग म्हणाला, "तं तो पन नाय उठनार." आणि झाकण लावले.

आता कायद्याने मी काय करायला हवे होते? दोन पंच बोलवायचे, मुद्देमाल हस्तगत करायचा, गुरवाला ताब्यात घ्यायचे. मी झाकणावर दगड पुन्हा नीट ठेवला, ठाण्यात आलो आणि डायरीत लिहिले, तपास चालू. त्यानंतर रोज अध्यक्ष यायचे आणि रोज मी त्यांना छातीठोकपणे सांगायचो, "यात्रेच्या आत देव जागेवर असेल." हे मी कशाच्या जोरावर सांगत होतो? दूर इस्पितळात पडलेल्या एका पोरीच्या मूत्रपिंडांच्या जोरावर. माझी सारी नोकरी त्या पाच दिवसांत त्यांच्यावर टांगलेली होती, आणि तरी घरी जेवताना मला नोकरीची नव्हे, त्या पोरीचीच काळजी लागायची.

कागदाचा शेवट आधी सांगून टाकतो. यात्रेच्या सकाळी मुखवटा पाटावर होता. समितीपुढे गुरवाने सारे कबूल केले. अध्यक्ष आधी लालबुंद झाले, मग म्हणाले की त्यांची स्वतःची मुलगी लहानपणी तापाने गेली तेव्हा त्यांना असे काही सुचले नव्हते. गुन्हा गैरसमजुतीतून दाखल झाल्याचा अहवाल मी न्यायालयाला पाठवला आणि तो मंजूर झाला. भंगारवाले दोघेही यात्रेला आले होते. मुलगी वाचली, हे तुम्ही ओळखले असेलच. आता ती कॉलेजात जाते आणि माझ्यावर कायमची रुसलेली आहे. का, ते पुढे येते.

चांगला देव वाईट घडू कसे देतो, हा प्रश्न मला नोकरीभर लोकांनी विचारला. अपघाताच्या जागी विचारला, शवागाराच्या दारात विचारला. मी टोपी काढून उभा राहायचो, कारण उत्तर माझ्याकडे नव्हते. आजही नाही. पण ज्यांनी वाईट केले, त्यांच्यातल्या एकानेही मला तो कधी विचारला नाही. ते कोठडीतसुद्धा खुशाल देवाचे नाव घेत बसायचे. देवाला फैलावर घेणारे सगळे सोसणारे होते. गुरव त्यांच्यातला सर्वांत शिस्तीचा. त्याने आपली बाजू सोडली नाही आणि देवालाही सोडले नाही. त्या पिंपापाशी मी शिकलो की उत्तर मिळाले नाही तरी माणूस प्रश्न धरून नीट उभा राहू शकतो, आणि वेळेवर दूधही ठेवू शकतो. एवढ्यावर माझे भागते. रात्री झोप चांगली लागते.

आता तो प्रसंग. यात्रेच्या आदल्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला मी पडवीत गुरवाजवळ बसलो होतो. त्याला कसे सांगावे, की उद्यापुढे मला हे झाकता येणार नाही, ते शब्द जुळवत होतो. तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. इस्पितळातून मुलगा. म्हाताऱ्याने तो माझ्यापुढे धरला आणि स्पीकरचे बटण मी दाबले.

"बाबा! बाबा, झाली! पोरीला लघवी झाली! पावशेर झाली, डॉक्टरीन बाई पन नाचली!"

म्हातारी पापड्यांचे सूप टाकून धावत आली आणि रडत रडत हसू लागली. मी, वर्दीतला अधिकारी, जागच्या जागी उठून उभा राहिलो आणि कोणाला, ते न कळताच, कडक सलाम ठोकला. त्या दिवसापासून ती बातमी मी दोन्ही तालुक्यांत ज्याला त्याला सांगत आलो आहे, मापासकट. त्याचाच त्या पोरीला राग.

गुरवाने दगड बाजूला केला, झाकण भिरकावले, खांद्यापर्यंत हात त्या माघातल्या गार पाण्यात घातला आणि निथळणारा देव वर काढून खांद्यावरच्या टॉवेलाने त्याचे डोके खसाखसा पुसू लागला. आणि मग, म्हातारीचा आवाज ऐकून अंगणापलीकडे जमलेल्या शेजाऱ्यांना सहज ऐकू जाईल अशा आवाजात, तो त्याच्यावर खेकसला:

"चल रे घरात, सर्दी व्हईल तुला!"