नजर कागदावर

आई निवृत्त झाली तेव्हा तिच्या कार्यालयातले टाइपरायटर भंगारात निघाले होते, आणि मला कंपनीने नवा लॅपटॉप दिला होता. कोथरूडच्या आमच्या सोसायटीची पत्रं आणि सभांची इतिवृत्तं ती त्यावर टाइप करायची, अगदी हौसेने. उभा जन्म सरकारी टंकलेखक म्हणून काढलेली बाई. नजर शेजारच्या कागदावर आणि बोटं आपली चालू. टाइप केलेलं तपासायची गरज तिला कधी पडली नव्हती. मी दोन बोटांनी, पडद्याकडे बघत टाइप करते. "इंजिनिअर झालीस, टायपिंग तेवढं राहिलं," असं ती मला चिडवायची.

एका सभेत मागचं इतिवृत्त वाचताना सचिव थांबले. चष्मा पुसून म्हणाले, "पाण्याच्या टाकीबद्दल बोललो होतो असं आठवतं. इथे मात्र 'अध्यक्षांची गळती तातडीने थांबवावी' असं एकमताने ठरलेलं दिसतंय."

सगळी सभा हसली. मीही हसले. आई माझ्या शेजारीच बसली होती.

घरी आल्यावर ती म्हणाली, "हात गेले माझे. हे काम आता दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांग." मी म्हटलं, "अगं, वय झालं की व्हायचंच." समजूत घालायला म्हटलं होतं, पण तिने ते खरं मानलं. पुढे बँकेच्या कागदावर सही करतानाही ती मध्येच थांबून आपल्या बोटांकडे बघायची. मला ते बघवत नसे, आणि त्याचा रागही तिच्यावरच निघायचा.

पंधरा दिवसांनी मी एक मेल लिहीत होते. कर्सर उडाला आणि अर्धं वाक्य वरच्या परिच्छेदात जाऊन पडलं. मी ते पुसून पुन्हा लिहिलं, आणि हात तिथेच थांबला. हे तर माझंही रोज होत होतं. मला दिसायचं, म्हणून मी न कुरकुरता दुरुस्त करून पुढे जायचे.

आईला जबरदस्तीने टाइप करायला बसवलं आणि मी तिच्या हातांकडे बघत राहिले. टाइपरायटरवर मनगटं अधांतरी असत. इथे टेकायला जागा होती, म्हणून ती टेकत होती. अंगठ्याखालचा तळहात टचपॅडला लागला, की कर्सर भलतीकडे जायचा. तिची नजर कागदावर, त्यामुळे तिला पत्ताच नाही.

मी सेटिंगमध्ये जाऊन टचपॅड बंद केला, माउस जोडला आणि तिला म्हटलं, "तुझे हात ठीक आहेत, आई. चूक या मशीनची आहे. माझ्याकडूनही रोज असंच होतं."

"रोज?"

"हो."

तिने माझ्याकडे पाहिलं. "मग सभेत का हसलीस?"

"सगळे हसले म्हणून," मी म्हटलं. दुसरं खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तिने सभेच्या टिपणांचा कागद डाव्या हाताला सरकवला आणि ती टाइप करू लागली. पान संपेपर्यंत मी तिच्याजवळ बसून राहिले.