गोळी बाळंतिणीची, काळजी घरादाराला!

वेंगुर्ल्यातल्या एका मॅटर्निटी होममध्ये मी सिस्टर आहे. आमच्याकडे बाळाला यायला नऊ महिने लागतात, किस्सा मात्र रोज एक येतो! त्यात बाईला डिप्रेशनची गोळी चालू असली, की घरातला प्रत्येक जण डॉक्टर होतो.

*

एक मच्छीमार काका गरोदर सुनेला घेऊन आले होते. आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "काका, डिप्रेशन आहे."

काका ताडकन उठले. "खंय? मोबायलार वादळाचो मेसेज कायच इलेलो नाय! आमची होडी भायर आसा!"

"अहो, समुद्रात नाही. सुनेला आहे. गोळी घेतली की बरं वाटेल."

काका हुश्श करून खाली बसले. "मगे बरा! म्हणजे उद्या मासेमारी चालू!"

मॅडमनी त्यांना अर्धा तास बसवून ठेवलं आणि सगळं नीट समजावलं.

*

एका नवऱ्याने गोळ्यांच्या पाकिटातला तो बारीक अक्षरांचा कागद रात्रभर वाचला. सकाळी हजर! तोंड कोरडं, मळमळ, हाताला कंप.

"गोळी कोण घेतंय?" मॅडमनी विचारलं.

"बायको."

"तिला काय होतंय?"

"कायच नाय. मजेत जेवता."

"मग तिची गोळी चालू ठेवा, तुमचा कागद बंद करा!"

*

एक आजी नातवाला घेऊन धावत आल्या. "गोळी दुधातसून गेली! पोर नुसता निजता!"

मॅडमनी बाळाला तपासलं, वजन केलं, दूध नीट पितंय ना ते विचारलं. सगळं छान. "आजी, या गोळीचा अंश दुधात अगदी थोडा उतरतो. आपण लक्ष ठेवू. बाळ किती दिवसांचं?"

"आठ."

"मग ते झोपणार नाही तर काय बाजारात जाणार?"

*

आणि आमची सायली. शाळेत शिक्षिका, डिप्रेशनच्या गोळ्या आधीपासूनच चालू. दिवस राहिल्यावर नवरा म्हणाला, "बाळाक त्रास होतलो," म्हणून तिने कोणालाही न विचारता गोळ्या एकदम बंद केल्या. महिन्याभरात तिचं बोलणं थांबलं, जेवण थांबलं. सासूच तिला रिक्षात घालून घेऊन आली. मॅडमनी मानसोपचाराच्या डॉक्टरांना फोन केला, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. सायली हळूहळू सावरली. मुलगी झाली, गुटगुटीत!

सव्वा महिन्याने सगळे तपासणीला आले. सायली बाळाला पाजत होती, गालातल्या गालात हसत होती. नवऱ्याचा चेहरा मात्र एरंडेल प्यायल्यासारखा.

"मॅडम, ह्या गोळ्यांनी पोरगी पुढे चिडखोर, हट्टी झाली तर?"

मॅडम उत्तर देणार, एवढ्यात सासूबाईंनी पदर खोचला.

"रे, तू पोटात होतंस तेवा मी एकव गोळी खावक नाय," त्या म्हणाल्या. "तरी तू असो निपजलंस!"